ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी एकदा मोडली, मग आता टिकेल का?

नकाशावेडा:
केनिया, युगांडा, टांझानियाने १९६७ला कम्युनिटी, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या देशांचा संघ, काढली, रेल्वे, बंदरं, पोस्ट, विमान कंपनी सगळं सामाईक होतं, आणि १९७७ला सगळं मोडलं. मग १९९९ला परत करार केला आणि आता आठ देश आहेत. जे एकदा मोडलं ते दुसऱ्यांदा कशाच्या जोरावर उभंय?

जुनी_पानं:
मोडलं ते नेत्यांमुळे जास्त. १९७१ला इदी अमीनने युगांडात सत्ता बळकावली, टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे त्याच्यासोबत बसायलाच तयार नव्हते आणि मोठे निर्णय तर तिघा राष्ट्राध्यक्षांनी मिळूनच घ्यायचे, मग काय, सगळं ठप्प. त्यात कारखाने केनियात जास्त, सगळा फायदा नैरोबीला जातो ही टांझानियाची जुनी तक्रार. पुढे केनिया-टांझानिया सीमा १९८३पर्यंत बंद होती. मसाई लोक दोन्हीकडे राहतात हो, त्यांचं काय झालं असेल!

मालवाहू:
आता जोर सीमेवर दिसतो बघा. २००५ला कस्टम्स युनियन (बाहेरच्या मालाला सगळीकडे एकच जकात), २०१०ला कॉमन मार्केट (माल, माणसं, पैसा यांना मोकळी ये-जा), आणि केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसिया, मलाबाच्या नाक्यावर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात त्यामुळे ट्रकला दोनदा थांबावं लागत नाही. युगांडा, रवांडाला समुद्रच नाही, केनियातल्या मोंबासा किंवा टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरावरून माल आला तरच चालतं. शिवाय केनिया, युगांडा, रवांडाचे लोक २०१४पासून पासपोर्टशिवाय नुसत्या ओळखपत्रावर ये-जा करतात. एवढं अंगवळणी पडलेलं मोडणं सोपं नाही.

काठावरून:
@मालवाहू मला इतका भरवसा वाटत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये रवांडाने युगांडाकडचा गटुना नाका बंद केला, दोघंही सभासद, तरी जवळपास तीन वर्षं बंदच, रोज भाजी-धान्य घेऊन पलीकडे जाणाऱ्या बायकांचा धंदाच बसला. काँगो २०२२ला आत आला, कम्युनिटीची फौज पूर्व काँगोत गेली आणि वर्षभरात काँगोनेच तिला परत पाठवलं, जानेवारी २०२५मध्ये तिथलं गोमा शहर एम२३ बंडखोरांच्या हातात गेलं. सामाईक चलन २०२४ला येणार होतं, ते आता २०३१वर गेलंय. मुळात राष्ट्राध्यक्षांचे निर्णय आजही एकमताने होतात, एक अडला की सगळे अडले, म्हणजे १९७१चाच रोग.

नकाशावेडा:
मग नाका बंद झाला तर साध्या माणसाने दाद कुठे मागायची?

जुनी_पानं:
टांझानियात अरुषाला कम्युनिटीचं स्वतःचं कोर्ट आहे. सभासद देशात राहणारा कुणीही आपल्या सरकारविरुद्ध तिथे जाऊ शकतो, पण सरकारचा तो निर्णय झाल्यापासून किंवा कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत. पहिल्या वेळी साध्या माणसाला असं दारच नव्हतं. मला खरी आशा तिथे वाटते.