परसातल्या सातेरीचा पहिला मध कधी आणि कसा काढावा?

परसदारची_चिपळूण: नमस्कार. दिवाळीनंतर परसात पोफळीच्या सावलीला सातेरी मधमाश्यांची एक पेटी ठेवली. आता आजूबाजूची जांभळं फुलून गेली आहेत आणि वरच्या मधकोठीतल्या चार चौकटी हाताला जड लागतात. सासूबाईंच्या माहेरी ढोलीतलं पोळं कापून फडक्यात पिळायचे. मला पोळं मोडायचं नाही. मध तयार झालाय हे ओळखायचं कसं? आणि यंत्राशिवाय काढता येईल का?

मधपाळ_जावळी: ताई, घाई करू नका. चौकट उचलून बघा, घरांवर पांढरं मेणाचं झाकण आलंय का? निदान पाऊण चौकट झाकलेली हवी. उघडी घरं दिसत असतील तर चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा. सातेरीचा मध मुळातच पातळ असतो, त्यात कच्चा काढला तर बाटलीत फसफसून आंबतो.

दुसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो: फक्त वरच्या मधकोठीतलाच घ्या. खाली पिल्लांच्या कोठीत जो मध आहे तो त्यांच्या पावसाळ्याचा आहे. पहिल्या वर्षी मी खालच्या दोन चौकटीही काढल्या होत्या. ऑगस्टमध्ये, सलग पावसात, एका सकाळी पेटी रिकामी. सातेरी उपाशी राहत नाही, घर सोडून जाते. ती रिकामी पेटी अजून डोळ्यांसमोर आहे.

माश्यांना साखरेचा पाक देत असाल तर मधकोठी चढवण्याआधीच बंद करायचा. नाहीतर तोच पाक मध म्हणून बाटलीत येईल.

रानमेवा: यंत्राबद्दल. चार चौकटींचं हाताने फिरवायचं मधयंत्र जवळच्या मधपाळाकडून दिवसभरासाठी मागून आणा. आधी चाकूने वरची मेणाची झाकणं सोलायची, मग हळूहळू फिरवायचं. जोरात फिरवलं तर नवं, कोवळं पोळं तुटतं. रिकामी पोळी परत पेटीत ठेवली की माश्यांची मेण बांधायची मेहनत वाचते. एकदा प्रत्यक्ष बघायचं असेल तर महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं.

आजीचा_फडताळ: काढलेला मध पातळ फडक्यातून गाळा आणि दोन दिवस झाकून ठेवा. फेस, मेणाचे कण वर येतात, ते काढून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. पुढे रवाळ झाला तर भेसळ समजू नका. बरणी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर मात्र चढवू नका. जांभळाचा मध जरा कडवट-तुरट लागतो, तीच त्याची ओळख. गरम घावणावर घालून बघा. सोललेली मेणाची झाकणं टाकू नका, मुलांना चघळायला फार आवडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको. घुटीतूनही नाही.

परसदारची_चिपळूण: सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच धूर देऊन बघून आले. दोन चौकटी पूर्ण झाकलेल्या आहेत, तिसरी अर्धी, चौथीतून थेंब उडाले. रविवारी दोनच काढते. जावळीचे दादा, खालच्या कोठीला हात लावणार नाही. सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

मधपाळ_जावळी: दोनच काढताय ते उत्तम. सकाळी ऊन तापायच्या आत काढा, आणि पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना ते बघा. मध सांडला की मुंग्या येतातच.