मदत हवी आहे: ब्लूबेरीची पानं पिवळी पडतायत

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसला असतो. इथली माती आपल्या विदर्भासारखी काळी, चिकट आणि चुनखडीची. ब्लूबेरीला तर आम्लधर्मी माती लागते, म्हणून तिच्या ‘सनशाइन ब्लू’ जातीची दोन रोपं कुंडीतच लावली, पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि पाइनची साल घालून. पहिलं वर्ष छान गेलं. आता नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या! मातीचा पीएच (आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) ४.५ ते ५.५ हवा, माझ्या कुंडीचा ६.८ निघाला. नळाच्या अल्कधर्मी पाण्याचाच हा प्रताप असणार. न्यू जर्सीच्या आमच्या नणंदबाई जमिनीत लावून घमेलंभर तोडतात, वर विचारतात, “तुझ्याकडे अजून नाही आली?” कुंडीत गंधकाची पूड किती घालावी? की पाण्यात व्हिनेगर घालू? पावसाचं पाणी साठवतेय, पण जुलैत ते पुरायचं कसं?