आपली सोसायटी 🙏 फक्त कामाचे मेसेज

मयेकर काकू, ए-102: आज पाचवा दिवस, घंटागाडी नाही. ओल्या कचऱ्याची बादली गॅलरीत ठेवली तर मुंग्या, आत ठेवली तर चिलटं. सेक्रेटरी साहेब आहात ना गावात?

सेक्रेटरी: सुप्रभात. गावातच आहे काकू. मुकादमाला तीनदा फोन झाला. गाडीवाल्यांचं कामबंद आहे, ठेकेदाराने दोन महिने पगार दिलेला नाही. सर्वांनी सहकार्य करावे.

तांबे, बी-301: सहकार्य म्हणजे नक्की काय, घरात पुरायचा का 😀

पाटणकर सर, बी-204: (फोटो) मागच्या प्लॉटची नोटीस. बगीच्याचं आरक्षण बदलून कचरा वर्गीकरण शेड. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल. हरकतीची शेवटची तारीख सोमवार. कृपया वाचावे.

नानी, तळमजला: वास येता रे देवा, जेवक बसवत नाय. आणि जिन्याखाली कोलंबीच्या सालांची पिशवी कोणाची ती

तांबे: नाव घ्या नानी, नाव घ्या

काझीभाई, बी-102: आमच्याकडे बघू नका. जून-जुलै मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या, आम्ही सुका बोंबील खातोय. बंदीत कोलंबी कोणाला मिळतेय ते आधी सांगा, पत्ता द्या 😄

मयेकर काकू: फ्रीझरमधली होती. आणि दोनच दिवस होती पिशवी, गाडी आली असती तर गेली असती ना

तांबे: 🤣🤣🤣

सेक्रेटरी: ग्रुप कामाचा आहे.

तांबे: मग कामाचं बोलतो. सगळ्यांनी मिळून घरपट्टी भरायची बंद करू. गाडी नाही तर पट्टी नाही

सेक्रेटरी: तांबे, थकली की दरमहा 2 टक्के शास्ती लागते. गेल्या वेळी तुमचीच किती झाली होती ते इथे लिहू का?

तांबे: पर्सनल बोलायची गरज नाही

पाटणकर सर: परत टाकतो. (फोटो) सोमवार.

गुरव, ए-303 (डोंबिवली): आम्ही गणपतीला आणि मे महिन्यात येतो, कचरा करत नाही तरी मेंटेनन्स पूर्ण भरतो. वर नॉन ऑक्युपन्सी (फ्लॅट भाड्याने दिल्याचा जादा आकार) लावलंय. फ्लॅट भाड्याने दिलेलाच नाही, बंद आहे, मग कशाचं? आणि भाड्याने दिला तरी सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही

सेक्रेटरी: गुरव साहेब तो विषय सभेत.

गुरव: सभा गणपतीत ठेवा मग

शिंदे मॅडम, ए-201: मी भाडेकरू आहे, बोलू की नको कळत नाही, पण काल बाजारात आपल्या गाडीवरची ताई भेटली. हातमोजे स्वतःच्या पैशाने घेते. पीएफ कापतात म्हणाली पण जमा झाल्याचा मेसेज मोबाईलवर कधी येत नाही. त्यांच्यावर राग काढून काय उपयोग, मला तरी वाटतं संप बरोबर आहे

मयेकर काकू: संप बरोबर असेल गो, पण बादली माझी आहे

काझीभाई: मॅडमचं बरोबर आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा आणि त्याच्या बिलातून वसूल करायचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, आता नव्या लेबर कोडमध्येही आहे. इथे मूळ मालक पालिका. मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, ठेकेदाराशी भांडत बसू नका

तांबे: वित्त आयोगाचे पैसे येतात ना, त्यातून द्या म्हणावं

काझीभाई: ते पगाराला चालत नाहीत. 15 व्या वित्त आयोगाचा अबंधित (ठराविक कामाला न बांधलेला) निधीसुद्धा पगार आणि आस्थापना खर्चाला वापरायला मनाई होती. त्याला पालिकेची स्वतःची वसुली लागते, म्हणजे घरपट्टी. जी तुम्ही बंद करणार आहात

तांबे: 🙄 चार वर्षं प्रशासक होता तेव्हा सांगत होते नगरसेवक नाहीत म्हणून अडलंय, डिसेंबर 2025 ला निवडून पण दिले. आता म्हणतात टेंडर बघतो. वेंगुर्ल्याकडे बघा जरा, कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं त्यांनी, बायोगॅसवर वीज काढली. आपल्याकडे नुसती भाषणं

शिंदे मॅडम: तिथे लोक घरातच वेगळा करून देतात. आपल्याकडे सुक्याच्या डब्यात नारळाची करवंटी, डायपर आणि काल फणसाची चारखंडं होती, नाव घेत नाही

नानी: फणस माझो. रडत रडत खाल्लास ना तूय पोरी दोन गरे

शिंदे मॅडम: हो नानी 🙈 छान होता

पाटणकर सर: वेंगुर्ल्याचा विषय काढलाच आहे तर तसलीच शेड आपल्या खिडकीखाली येतेय. (फोटो) सोमवार. आज शनिवार आहे.

तांबे: मग चांगलंय की सर, कचरा जाणार कुठे नाहीतर

पाटणकर सर: शेडला माझा विरोध नाही. पऱ्याला (ओढ्याला) लागून नको. खाली जांभा आहे, पाणी मुरतं. पावसात ते काळं पाणी पऱ्यात आणि तिथून आपल्या विहिरीत. एप्रिलमध्ये नळाला पाणी नसताना याच विहिरीवर दोन्ही विंग जगल्या.

काझीभाई: सर एक बाजू अजून आहे. बगीच्याचं आरक्षण वीस वर्षांचं, एक माड लावला नाही कोणी. दहा वर्षं झाली की मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो, 24 महिन्यांत संपादन सुरू नाही झालं तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मग तिथे सात मजले उठतील. हरकतीत नुसतं शेड नको लिहू नका, बगीचा ठेवा आणि ताब्यात घ्या असं लिहा

गुरव: सात मजले झाले तर समुद्र दिसणार नाही

तांबे: आत्ता कुठे दिसतो, पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय

मयेकर काकू: शेड?? आपल्या मागे?? हे आधी का नाही सांगितलं कोणी

पाटणकर सर: काकू, मंगळवारपासून टाकतोय.

मयेकर काकू: फोटो उघडत नाही माझ्याकडे, रेंज नाही. मराठीत टाईप करून टाका ना सर

पाटणकर सर: मराठीतच आहे. हरकतीचा मसुदा जिन्यात बोर्डावर लावलाय. सह्या करा. दोन प्रती नेणार, एकीवर पोच घेणार.

सेक्रेटरी: बोर्डावर लावण्याआधी कमिटीला विचारायला हवं होतं सर. पद्धत आहे एक.

पाटणकर सर: बरं. विचारतो. लावू का?

सेक्रेटरी: आता लावलंच आहे तर राहू दे.

मयेकर काकू: घंटा वाजली!! या सगळे खाली लवकर

काझीभाई: काकू तो सायकलवरचा पाववाला

मयेकर काकू: आता बादली घेऊन उतरलेय तर जिन्यात ठेवू का

सेक्रेटरी: नको.

पाटणकर सर: आत्तापर्यंत सह्या 3. त्यातल्या मॅडम भाडेकरू, चालतील, पत्ता इथलाच आहे. गुरव साहेब डोंबिवलीहून सही करून फोटो पाठवतो म्हणतात, कागद लागेल, कुरिअर करा.