मदत हवी आहे : गरोदर वहिनी तपासणीला जायला तयार नाही

वहिनीला सातवा महिना लागलाय. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, मी नागपुरात. कोरोना आल्यापासून तिचं वागणंच बदललं. हात धुणं, घरातही मास्क, गर्दीत न जाणं, हे ठीकच. पण 'दवाखान्यातूनच रोग घरी येते' म्हणून दर महिन्याच्या 9 तारखेची गरोदर बायकांची सरकारी तपासणीही सोडली. काळीपिवळीत (प्रवासी जीपमध्ये) कोंबून बसावं लागतं, त्यामुळे तिची भीती अगदीच खोटी नाही म्हणा.

आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडून आहेत. त्याऐवजी सुंठ-मिरे-दालचिनीचा काढा दिवसातून तीनदा! वरून छातीत जळजळ. परवा व्हिडिओ कॉलवर पाय दाखवले, जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवली आहेत. आई म्हणते, "या दिवसात सूज येतेच." येते, पण सोबत बीपी वाढलं असेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. ते मोजल्याशिवाय कळणार कसं?

कोरोनाच्या लशीचं नावच काढू देत नाही. 2 जुलै 2021 ला सरकारने गरोदर बायकांनाही ही लस घ्यायला परवानगी दिली, हे गावात कोणी मानायलाच तयार नाही.

उपकेंद्राच्या सिस्टर घरी येऊन बीपी, हिमोग्लोबिन तपासतात का? 102 ची गाडी (सरकारी रुग्णवाहिका) नुसत्या तपासणीसाठी मिळते का? आणि गरोदरपणी लस घेतलेली कोणी ताई वहिनीशी फोनवर बोलेल का? माझं ती ऐकत नाही, नणंद पडले ना.