सुपरमॉडेल कोणाला म्हणायचं?
रॅम्पवर चालणारी कुणीही सुपरमॉडेल, असं काहीजण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. मॉडेलमुळे कपडा उठून दिसतो; सुपरमॉडेलचं नावच खपतं. जानेवारी १९९० च्या ब्रिटिश 'व्होग' या फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ बघा: नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड, क्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पातित्झ. शब्द त्याआधीचाच, पण घरोघरी पोचला तो यांच्या काळात. आपल्याकडे मधु सप्रे त्या तोलाची (नागपूरची मुलगी, १९९२ ला मिस युनिव्हर्समध्ये तिसरी!).

लक्ष्मी रोडवर दुकानाच्या फ्लेक्सवर पैठणी नेसून, नथ घालून उभी असते ती मुलगी मॉडेल. दिव्यांच्या उकाड्यात तासन्‌तास उभं राहून केलेलं कष्टाचं काम आहे ते. तिला अभिमानाने मॉडेलच म्हणा की, 'सुपर' कशाला चिकटवायचं?