मुलांच्या संग्रहालयासाठी पालिकेकडे नेमके काय मागायचे?

प्रेषक: नाना, डेन्व्हर
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

गोव्यात आपल्या गावी, फोंड्याला, मुलांसाठी हाताळून शिकण्याचे संग्रहालय व्हावे आणि त्यासाठी मंडळाच्या वतीने पालिकेला पत्र लिहावे, असे गेल्या बैठकीत ठरले. समितीचा मसुदा सर्वांना मिळाला असेलच. त्यात दुमजली इमारतीची मागणी आहे. त्यावर चर्चा होण्याआधी इथे सरकारी पैसा अशा संस्थांपर्यंत कसा पोचतो, ते थोडक्यात सांगतो.

डेन्व्हर धरून आसपासच्या काउंट्यांमध्ये 1988 साली मतदान होऊन एक छोटासा विक्रीकर मंजूर झाला. 10 डॉलरच्या खरेदीवर 1 सेंट. त्यातून संग्रहालये, प्राणिसंग्रहालय, नाटक-संगीताच्या संस्था अशा सुमारे 300 संस्थांना वाटा मिळतो. मुलांचे संग्रहालय त्यातलेच एक. 2016 मध्ये मुदतवाढीसाठी पुन्हा मतदान झाले आणि लोकांनी पुन्हा होकार दिला. रक्कम कमी-जास्त होते, पण येते दरवर्षी. पुढच्या वर्षी दिवे लागतील ना, पगार होतील ना, ही धास्ती थोडी कमी राहते.

ब्रुकलिनचे मुलांचे संग्रहालय 1899 चे, जगातले पहिले. तिथेही न्यूयॉर्क शहराचा हात आजवर पाठीशी आहे. इमारत शहराची, आणि विजेचा व रोजच्या खर्चाचा काही भार शहर उचलते.

माई, तुम्ही गावात आहात. आपल्याकडे असे काही जमण्यासारखे आहे का?

नाना


प्रेषक: माई, फोंडा
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

नाना आणि सर्वांना नमस्कार,

असा कर बसवणे पालिकेच्या हातात नाही. 2017 च्या जुलैपासून विक्रीवरचे कर जीएसटीत गेले. पालिकेकडे उरते ती घरपट्टी, परवान्यांची फी, जाहिरात फलकांचे पैसे आणि सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी पट्टी. बाकी सगळे सरकारी अनुदान. त्यातही पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी जी वाटणी घालून दिली, तिच्यात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली. उरलेले 40 टक्के मोकळे म्हणायचे, पण त्यातून पगार देता येत नाहीत.

तरीही पालिकेकडे जायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यातल्या 18 विषयांत सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देणे हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत शिक्षण, वाचनालये आणि सांस्कृतिक कार्य तिन्ही आहेत. तेव्हा टेबलापलीकडून कोणी ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ म्हणाले, तर त्यांच्यापुढे हे ठेवता येते. मुलांच्या शिकण्यासाठी मागताना आपण भीक मागत नाही. ते त्यांच्या कामाच्या यादीत आहे.

आता मसुद्याबद्दल. दुमजली इमारतीची मागणी कृपा करून काढून टाका.

इमारतीला पैसा मिळतो. कोणीतरी आमदार मनावर घेतो, सुडाकडून (राज्याच्या नगरविकास संस्थेकडून) काम निघते, निविदा होते, कोनशिला बसते. अडते ते त्यानंतर. माझ्या माहितीतल्या एका शाळेच्या आवारात विज्ञानाची खेळणी बसवली होती, नाव लिहीत नाही. मुले पहिले वर्ष अक्षरशः तुटून पडायची. मग पावसाळा आला. तरफेच्या बेअरिंगा गंजून घट्ट झाल्या, शिडीचा पाइप बुडापाशी फुगून फुटला, आणि कोणाला लागू नये म्हणून शाळेने भोवती दोरी बांधली. दुरुस्तीसाठी कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात एक रुपया नव्हता. दोरी अजून तशीच आहे. मुले तिच्या अलीकडे उभी राहून बघतात, हे मला फार लागते.

आपल्याकडे चार महिन्यांत पाऊस किती कोसळतो आणि हवा किती खारी, ते तुम्हाला सांगायला नको. लाकूड फुगते, लोखंड खाल्ले जाते, चामडे सैल पडते. त्यात मुले हात लावणार, ओढणार, चढणार. त्यासाठीच तर ते आहे! म्हणजे दर आठवड्याला काहीतरी मोडणार हे धरूनच चालायला हवे. असे संग्रहालय टिकते ते दुरुस्ती करणाऱ्या माणसावर आणि मुलांशी बोलणाऱ्या ताई-दादांवर. पालिकेकडे मागायचे ते हेच: एक जागा, वीज-पाणी, आणि या माणसांच्या पगाराची व दुरुस्तीची दरवर्षीची तरतूद, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली.

काही सभासदांनी विचारले होते की मिरामारला विज्ञान केंद्र असताना हे वेगळे कशाला. ते केंद्र 2001 पासून आहे, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे, आणि मुलांना तिथे जरूर न्यावे. कांपालच्या बालभवनानेही कितीतरी मुलांना गाणे, चित्रकला, नाटक दिले. पण पणजीला जायचे म्हणजे शाळेची सहल, वर्षातून एकदा. आणि मला हवे आहे ते सहा वर्षांच्या मुलाला आपली माती हातात देणारे काहीतरी, चालत जाता येईल इतक्या जवळ.

एक उदाहरण देते. मुलाच्या कमरेएवढ्या उंचीचा एक लांबट हौद घ्यायचा. मध्ये बांध. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आणि बांधात लाकडी झडपेची मानस, म्हणजे पाण्याचे दार. मुलाने चाक फिरवले की नदीचे पाणी चढते, भरती होते. पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात येत नाही. चाक उलटे फिरवले की ओहोटी, आणि आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप नदीकडे उघडते, शेतातले जास्तीचे पाणी बाहेर जाते. मोटार नाही, बटण नाही. मग बांधाला मुद्दाम एक भोक पाडू द्यायचे, आणि शेतात पाणी शिरायला लागले की चिखल आणि गवताचा पेंढा देऊन म्हणायचे, आता बुजव. ज्या मुलाने ते एकदा बुजवले, त्याला बांध फुटला म्हणजे काय होते हे कुठल्याही धड्याशिवाय कळेल. अंत्रुजातल्या, म्हणजे आपल्या फोंडा भागातल्या, कितीतरी मुलांच्या घरापासून खाजन हाकेच्या अंतरावर आहे, आणि मानस कशी चालते हे त्यांना कोणी दाखवलेले नाही.

दुसरे घुमट, आपले मातीच्या भांड्याला चामडे लावलेले वाद्य. कच्ची माती, भाजलेले भांडे आणि तयार घुमट असे तिन्ही शेजारी ठेवायचे, वाजवू द्यायचे. पूर्वी घोरपडीचे चामडे लावत. ती 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, म्हणून आता बकऱ्याचे लावतात. आवाजात काय फरक पडतो, ते सांगायला एखादा जुना वादक बसवावा. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हा त्याच्यासाठी मागायला संकोच नको.

गणेश चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला मुलांना लावावे, रानातली फळे नावानिशी ओळखू द्यावीत. चिखल लागतो म्हणून पालक नाके मुरडतील, असे एका सभासदाने लिहिले होते. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो, देवकीकृष्णासमोर लहानथोर सगळे चिखलात लोळतात. आपल्या पालकांना चिखलाचे वावडे नाही.

माई


प्रेषक: भाऊ, लंडन
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

माईंशी सहमत. पैसे गोळा करायला लागण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांनी नीट समजून घ्या.

माझ्याकडे आता पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तसा आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी कायद्याच्या नजरेत आम्ही परदेशी नागरिक. आमचा पैसा ही विदेशी देणगी ठरते आणि ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. नव्या संस्थेला ती सहसा मिळत नाही: किमान तीन वर्षे काम आणि त्या काळात कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. 2020 पासून तर असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो. याउलट आखातात किंवा अमेरिकेत असूनही ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही.

म्हणून दोन्ही पैसे एका खात्यात जमा करू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांनी थेट द्यावे. आम्ही बाकीचे वेगळ्या मार्गाने मदत करू: नकाशे, हौदाची रचना, शिक्षकांसाठी साहित्य. माझी मुलगी इथे मुलांसाठी प्रदर्शने मांडण्याचे काम करते, ती वेळ द्यायला तयार आहे.

भाऊ


प्रेषक: ताई, न्यू जर्सी
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

माई, तुमचे पत्र वाचून मानस बघायला धावत यावेसे वाटले. पण इमारतीच्या बाबतीत मला थोडे वेगळे वाटते.

उसनी खोली मिळाली तर पुढच्या निवडणुकीनंतर पालिकेत नवे मंडळ येते आणि ‘इथे व्यायामशाळा करू’ म्हणते. तोपर्यंत कारागिरांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तू कुठे हलवणार? जागा हक्काची हवी.

अर्थात भव्यतेची भीती मलाही आहे. शेजारच्या फिलाडेल्फियात 1976 साली सुरू झालेले मुलांचे एक सुंदर संग्रहालय 2008 मध्ये मेमोरियल हॉलमध्ये गेले. 1876 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली वास्तू, शहराच्या मालकीची, भाडे नाममात्र. पण ती सजवायला आणि उभी करायला सुमारे 6 कोटी डॉलरचे रोखे काढले होते. ते फेडणे झेपले नाही आणि 2015 मध्ये संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दारे बंद झाली नाहीत, पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेरही आली.  पण असे झाले, हे लक्षात घ्या.

म्हणून नवी इमारत नको हे मान्य. पण जुनी, कमी पटामुळे बंद पडलेली एखादी सरकारी प्राथमिक शाळा मागू या, आणि ती लेखी, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने.

ताई


प्रेषक: माई, फोंडा
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

ताई, भाडेपट्ट्याचे म्हणणे शंभर टक्के पटले. माझ्या यादीत ते नव्हते, आता सर्वांत वर घातले आहे. बंद शाळेची कल्पनाही उत्तम. तशा शाळांना पडवी असते, विहीर असते, आणि जमिनीलगत खिडक्या असतात. मात्र त्या इमारती शिक्षण खात्याच्या, तेव्हा पत्राची प्रत तिथेही जायला हवी.

मसुद्यात पुढील बदल करत आहे. जागा, वीज आणि पाणी पालिकेने द्यावे. एक सुतारकाम-जोडकाम जाणणारा कारागीर आणि मुलांबरोबर राहणाऱ्या दोन व्यक्ती, यांचा पगार पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा, कारण वित्त आयोगाच्या पैशातून तो निघणार नाही. जत्रेच्या आणि आठवडी बाजाराच्या सोपोतला ठराविक हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचा ठराव पालिकेने करावा, अशी विनंतीही घातली आहे. हा पैसा दरवर्षी येतो आणि त्याच बाजारात आईबापांबरोबर मुलेही असतात. नानांच्या सेंटाच्या जवळ जाणारे आपल्याकडे एवढेच मला दिसते. नगरसेवक काय म्हणतील ते म्हणोत, मी सभेत उभी राहून बोलणार आहे.

वस्तू घडवण्याचा पहिला खर्च आपण आणि कंपन्यांनी करावा. ज्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याने नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यांच्या यादीत शिक्षण आणि कला-संस्कृती दोन्ही बसतात. त्यांच्याकडून हौद, घुमट, माटोळीची चौकट अशा दिसणाऱ्या वस्तू मागाव्यात. पगार मागू नयेत, कारण तीन वर्षांनी त्या दुसरीकडे वळतात आणि माणसे उघड्यावर पडतात. धारबांदोडा आणि सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या शाळांची मुले आणायची झाली, तर त्यांच्या बसचा खर्च जिल्हा खनिज निधीतून मागता येईल का, हे मी विचारून घेते. त्या निधीच्या अग्रक्रमात शिक्षण आहे, आणि त्या मुलांचा त्यावर पहिला हक्क आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांना प्रवेश मोफत, आणि रविवारी उघडे. या दोन अटींवर मी मागे हटणार नाही. मोलमजुरी करणाऱ्या आईला मुलाला घेऊन यायला दुसरा दिवसच नसतो. चाकाची खुर्ची हौदापर्यंत जाईल असा उतार सुरुवातीपासून हवा, मागाहून बसवलेला उतार फार चढा होतो. आणि हौदाची एक बाजू खुर्चीत बसून हात पोचेल इतकी खाली ठेवायची.

भाऊ, तुमच्या मुलीला नमस्कार सांगा. हौदाचे माप मी इथल्या सुताराकडून घेऊन पाठवते. फणसाचे लाकूड पाण्यात किती दिवस तग धरते, याबद्दल त्याचे आणि माझे मतभेद आहेत, ते तिने सोडवावेत.

पालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरीपूर्वी मंजूर व्हायचे असते. पत्र त्याच्या बरेच आधी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचायला हवे, नाहीतर वर्ष फुकट जाईल. दुरुस्त मसुदा आज रात्री पाठवते. ज्यांना शब्द बदलायचे असतील त्यांनी शनिवारपर्यंत लिहावे. आणि गावी ज्यांचे घर पालिकेच्या हद्दीत आहे, त्यांनी आपापल्या प्रभागाचे नाव मला कळवावे. पत्राखाली घरपट्टी भरणाऱ्यांच्या सह्या असतील तर ते बाजूला सारणे अवघड जाते.

माई