मदत हवी आहे : हॅचबॅकमध्ये मागचे स्पीकर दारांतच ठेवावेत की पार्सल ट्रेवर (डिकीवरच्या सुट्या फळीवर) न्यावेत?

नमस्कार मंडळी,

अर्धवट माहिती दिली की उत्तर देणाऱ्यांनाच उलट विचारावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि दर पंधरवड्याला आईला घेऊन ऐरोलीच्या पुलावरून नेरुळला बहिणीकडे जातो. आई मागे डाव्या बाजूला बसते आणि वाटेत तिला अभंग व नाट्यगीते ऐकायची असतात. गाडी सर्वांत स्वस्त व्हेरिअंटमधली असल्याने कंपनीने पुढच्या दोन दारांतच स्पीकर दिले होते. मागच्या दारांवर जाळी होती, पण जाळीमागे काही नव्हते. "मखर आहे, गणपती नाही," असे आई म्हणायची. तिला ऐकू जाईल इतका आवाज वाढवला की माझ्या कानठळ्या बसत, म्हणून मे महिन्यात जवळच्या एका दुकानातून मागच्या दारांत साडेसहा इंची कोअ‍ॅक्सिअल स्पीकर (मधोमध उंच सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, असलेले) बसवून घेतले. स्टीरिओ नंतर घेतलेला आहे. त्यावर ५० वॅट × ४ असे छापलेले असले तरी तो कमाल आकडा आहे आणि सलग मिळणारी ताकद प्रत्येकी १५ ते २० वॅट इतकीच असते, हे मला ठाऊक आहे.

पैसे गेले आणि कटकटी मात्र वाढल्या.

फेडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्पीकरांत आवाज वाटून देणारी सोय, मध्यावर ठेवले की डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि पत्र्याच्या डब्यावर बोटे आपटल्यासारखा आवाज येतो. फेडर पूर्ण पुढे नेले, म्हणजे मागचे स्पीकर बंदच केले, की घुमारा परत येतो. चार स्पीकर मिळून दोघांपेक्षा कमी बेस देतात, हे गणित मला सुटलेले नाही.

दुसरी तक्रार पाण्याची आहे. दाराचे आतले पॅड काढल्यावर पत्र्यावर काळ्या चिकट पट्टीने लावलेला पातळ प्लास्टिकचा पडदा दिसतो. फिटरने तो फाडून, बोळा करून बाजूला टाकल्याचे मी स्वतः पाहिले, पण तो कशासाठी असतो हे तेव्हा मला माहीत नव्हते. ते जूनमध्ये कळले. काचेवरून दारात उतरणारे जे पाणी तळाच्या भोकांतून बाहेर जायचे, ते आता पॅडमागून आत पाझरते आणि आईच्या पायाखालचे कार्पेट भिजते. दोन दिवस वर्तमानपत्रे अंथरली, तरी कुबट वास गेला नाही.

तिसरी गोष्ट मुख्य आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.

दुकानदाराने यावर पार्सल ट्रेवर ६ × ९ इंची अंडाकृती स्पीकर आणि सोबत आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असा उपाय सुचवला आहे. मला तो पटत नाही. आमचा ट्रे दोन खुंट्यांवर नुसता टेकलेला असतो आणि आईचा वॉकर डिकीत ठेवण्यासाठी तो दर खेपेला काढावा लागतो. शिवाय कचकन ब्रेक लागल्यास दीड-दोन किलोचा स्पीकर आईच्या मानेवर येईल, हा विचार मनातून जात नाही. तरी जाणकारांनी सांगावे, की दारांतले स्पीकर ठेवून यातून मार्ग निघेल का, आणि अ‍ॅम्प्लिफायरची खरोखर गरज आहे का?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. ट्रेच्या वाटेला जाऊ नका. सेडानमध्ये मागच्या काचेखालचा पत्रा गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो आणि खालची डिकी स्पीकरला पेटीसारखी उपयोगी पडते, म्हणून तिथे ६ × ९ चांगले वाजतात. हॅचबॅकचा सुटा ट्रे स्वतःच थरथरतो.

घुमारा जातो, याचा अर्थ मागच्या जोडणीत धन-ऋण उलटे झाले आहे. पुढच्या स्पीकरचा कोन (मधला हलणारा शंकू) बाहेर येतो त्याच क्षणी मागच्याचा आत जातो आणि दोघांचा बेस एकमेकांना खातो. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि त्या मानाने गाडीतल्या स्पीकरांमधले अंतर थोडे असते, त्यामुळे हा घोटाळा खालच्या सुरांतच ठळकपणे जाणवतो. बॅलन्स (डाव्या-उजव्या बाजूंतली आवाजाची वाटणी) मध्यावर ठेवून फेडर पूर्ण मागे न्या. घुमारा भरीव आला, तर मागचे दोन्ही स्पीकर पुढच्यांच्या उलट आहेत. तरीही पोकळ वाटला, तर दोघांपैकी एकच उलटा आहे. खात्री करण्यासाठी स्पीकरची वायर सोडवून त्याला १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. धनाला धन लागले की कोन बाहेर आला पाहिजे. बहुतेक स्पीकरांवर वायर जोडायच्या दोन पट्ट्यांपैकी रुंद पट्टी धन असते. बाहेरून घेतलेल्या स्टीरिओत सहसा हिरवी वायर मागच्या डाव्या स्पीकरची आणि जांभळी मागच्या उजव्याची असते, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली वायर ऋण असते.

फाडलेल्या पडद्याच्या जागी ब्यूटाइल रबराची चिकट, थरथर शोषणारी डँपिंग शीट लावून पत्र्यातली मोठी भोके बंद करून घ्या. पाणी तर थांबेलच, शिवाय कोनच्या मागच्या बाजूने निघणारा ध्वनी पुढे येऊन बेस खातो तेही कमी होईल. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके मात्र उघडीच राहू द्या, नाहीतर दार आतून गंजेल.

आता आईंचे शब्द. क, च, त, स या व्यंजनांची ओळख बरीचशी २००० हर्ट्झच्या वरच्या ध्वनीतून पटते, आणि तो ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आपल्या कोअ‍ॅक्सिअलचा ट्वीटर दारात खाली, आईंच्या पोटरीसमोर आहे. शब्द गुडघ्यावरच अडतात. तिथे वॅट वाढवून पोटरीलाच जास्त ऐकू जाईल. त्याऐवजी वेगळा ट्वीटर असलेला कॉम्पोनंट संच घेऊन ट्वीटर दाराच्या वरच्या कडेला, खांद्याच्या उंचीच्या जवळपास बसवा. स्टीरिओत हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे सूर अडवणारी सोय) असल्यास मागच्या स्पीकरांना ८० हर्ट्झवर लावा, म्हणजे लहान कोनवर खालच्या सुरांचा ताण येणार नाही. एवढे केल्यावर अ‍ॅम्प्लिफायर लागेल असे मला वाटत नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल फेडर पूर्ण मागे नेल्यावरही आवाज पोकळच राहिला, म्हणून पॅड काढले. डाव्या दारात काळी रेघ असलेली हिरवी वायर रुंद पट्टीला जोडलेली होती. अदलाबदल केल्यावर फेडर मध्यावर असतानाही डग्गा भरून वाजू लागला. आईला शब्द अजून कळत नाहीत, तेव्हा ट्वीटर वर नेणे आलेच. एक शंका उरली आहे : कॉम्पोनंट संचातली क्रॉसओव्हरची (उंच आणि खालचे सूर वेगळे करणारी) डबी दारात ठेवायची झाल्यास शीटच्या आतल्या कोरड्या बाजूला, पॅडमागे ती मावते का, की वायर लांबवून ती आसनाखाली नेणे बरे? पाऊस अजून दोन महिने आहे.